चित्रपट सगळ्यांना आवडला

चित्रपट संपला, दिवे लागले, आणि सगळ्यात आधी चर्चा झाली ती कचऱ्याच्या पिशवीची.

चित्रपटात उत्तरेकडच्या एका मासेमारीच्या गावात पेरू देशातली बाई लग्न होऊन येते. गाव तिला आपलं म्हणत नाही. एके दिवशी तिने टाकलेली कचऱ्याची पिशवी कोणीतरी परत तिच्याच दारात आणून फोडतं, आणि ती बाई गुडघ्यांवर बसून एकेक साल, एकेक कागद गोळा करत राहते. पडद्यावर हे चांगलं चार मिनिटं चालतं. माझ्या मागच्या रांगेत नाकं ओढल्याचे आवाज येत होते. मला वाटलं, चला, आज काहीतरी होणार.

आमच्या वस्तीतल्या ओगिसो-सान उठून उभ्या राहिल्या. हातात रुमाल अजून ओला होता.

"फारच हेलावून टाकणारं होतं," त्या म्हणाल्या. "फक्त एक शंका आहे. त्या पिशवीत दह्याचे डबे न धुताच टाकलेले दिसले. ते प्लास्टिकमध्ये जायला हवेत ना? आणि तो गुरुवार होता, भिंतीवरच्या कॅलेंडरवर दिसत होतं. त्यांच्याकडे गुरुवारी काय उचलतात?"

"गावागावाचं वेगळं असतं."

"वार वेगळे असतील. डबे सगळीकडे धुवावेच लागतात."

"नवऱ्याने सांगायला नको का तिला?"

"नवरा बोटीवर होता. त्याला कधी वेळ!"

वीस मिनिटं. मी घड्याळ पाहिलं. त्या वीस मिनिटांत एकतीस माणसांनी मिळून ठरवलं, की पिशवी फोडणं वाईटच, पण ती आधीच नीट बांधलेलीही नव्हती.

सगळ्यात पुढे, मधल्या खुर्चीत माझी शेजारीण लिगाया बसली होती. खरं तर बसवली होती. परदेशातून लग्न होऊन इथे आल्यापासून, सत्तावीस वर्षांत, समाजगृहाच्या प्रत्येक कार्यक्रमाला ती आमच्याबरोबर मागच्या स्वयंपाकघरात असते. चहा करते, कप विसळते, कोणाच्या सुनेने काय केलं ते ऐकते आणि त्यात भर घालते. आज बाह्या सरसावून ती आत आली, तर तिघीचौघींनी तिच्या हातातून किटली काढून घेतली. "छे छे, माएदा-सान, आज नाही! आज तुम्ही बसायचं. आजचा कार्यक्रम तुमच्यासाठी आहे." आणि तिच्या छातीवर कागदाचं गुलाबी फूल टाचलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी साखरेचा डबा शोधायला खाली वाकले.

कार्यक्रमाचं नाव होतं 'परदेशी शेजाऱ्यांना समजून घेऊ या'. वस्ती मंडळाचे अध्यक्ष त्सुचिया-सेन्सेई हे निवृत्त मुख्याध्यापक. माणूस सज्जन, पण कुठेही चार माणसं जमली की ते त्यांचा वर्ग घेतात. कचऱ्याचा विषय आटोपल्यावर ते म्हणाले, "आता एक परदेशी व्यक्ती या नात्याने माएदा-सान आपल्याला दोन शब्द सांगतील."

लिगाया उठली. आमच्या गिफूची बोली ती माझ्यापेक्षा चांगली बोलते. माझं माहेर नागोयाचं, मला अजून चिडवतात. सगळे श्वास रोखून पुढे झुकले.

"हीटरचं तोंड खिडकीकडे आहे," ती म्हणाली. "इकडे वळवा. काकिमोतो आजींचे पाय गारठलेत."

हीटर वळवला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

हे सगळं मला इतकं का लागलं, ते सांगते.

आमच्या गल्लीत सात घरं आहेत. सात घरांचा एक गट, आणि गटाला दर वर्षी एक प्रमुख. निवडणूक वगैरे नाही, घरामागून घर नंबर येतो. सूचनांची पाटी घरोघर फिरवायची, कचऱ्याच्या जागेवरची जाळी संभाळायची, भूकंपाच्या सरावात पिवळी पट्टी बांधून माणसं मोजायची, कोणी गेलं तर गल्लीला कळवायचं. मार्चच्या शेवटच्या रविवारी जुन्या प्रमुखाने एक कापडी पिशवी उचलायची आणि शेजारच्या घरी नेऊन द्यायची. पिशवीत फाईल, शिक्का, जाळीच्या पेटीची किल्ली आणि ती पट्टी. झालं. कोणालाही हे काम आवडत नाही आणि कोणीही नाही म्हणत नाही.

यंदा प्रमुख मी आहे. माझ्या पुढचं घर माएदांचं.

लिगायाचा नवरा माएदा-सान हयात असताना त्या घराचा नंबर दोनदा आला. सूचना सगळ्या लिगायाने लिहिल्या. नवऱ्याने नुसता शिक्का मारला, तोही वाकडा. बारा वर्षांपूर्वी तो गेला. त्या वर्षी प्रमुख मीच होते. मंडळात कोणीतरी म्हणालं, घरात सुतक आहे, एवढं वर्ष राहू दे. मी पिशवी एक घर ओलांडून काकिमोतो आजींकडे दिली. सहा वर्षांनी नंबर फिरून माझ्याकडे आला. तेव्हा कोणीतरी म्हणालं, तिची वृद्धाश्रमात रात्रपाळी असते, कागदपत्रं किचकट असतात, बिचारीला त्रास नको. मी पुन्हा पिशवी एक घर ओलांडून दिली. कोणी वाईट शब्द बोललं नाही. कोणी तिचं नाव खोडलंसुद्धा नाही. नुसती पिशवी पुढे गेली.

जानेवारीत लिगाया माझ्या लाँड्रीत गणवेश न्यायला आली. काउंटरवर कोपरं टेकून म्हणाली, "सुमी, मुलगी कधीची नागोयाला बोलावतेय. घर विकून ये म्हणते. मी ठरवलंय. मार्चमध्ये पिशवी माझ्या दारात आली तर राहते. तिसऱ्यांदा पुढे गेली तर जाते."

"पिशवीवरून कोणी घर विकतं का?" मी हसत म्हणाले.

ती हसली नाही. गणवेशावर तिच्या डोळ्यांतलं पाणी पडलं, आणि आम्ही दोघींनी ते दिसलं नाही असं केलं.

तर हे असं होतं. म्हणून मंडळाने तो चित्रपट आणायचं ठरवलं तेव्हा मला देव पावल्यासारखं झालं. म्हटलं, मला काही बोलावं लागणार नाही. चित्रपटच बोलेल.

त्या दिवशी घरी परतताना लिगायाने छातीवरचं फूल काढून कोटाच्या खिशात टाकलं.

"कसा वाटला?" मी विचारलं.

"बाई फार रडते," ती म्हणाली. "दोन तासांत एकदाही भात लावला नाही तिने. घर कसं चालतं?" थोडं पुढे गेल्यावर ती म्हणाली, "शनिवारी दलाल येतोय. घर मोजायला."

"मार्च अजून संपला नाही."

"मोजायला काय लागतं? फीतच लागते."

तिच्या दाराशी काकिमोतो आजी आमच्या आधीच पोचल्या होत्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, दोन्ही गुडघे गेलेले, पण हातात संत्र्यांची जाळी. डोळे सुजलेले. "माएदा-सान," त्या म्हणाल्या, "किती सोसलंत हो तुम्ही," आणि जाळी तिच्या हातात कोंबून लंगडत निघून गेल्या. लिगाया त्या संत्र्यांकडे बघत राहिली.

"मी काय सोसलं?" तिने मला विचारलं. "पेरूची तर ती होती."

दुसऱ्या दिवशी मी अभिप्रायाचे कागद वाचायला घेतले. गटप्रमुखाचं तेही काम. बत्तीस कागद. 'फार अर्थपूर्ण वेळ गेला' असं एकोणीस जणांनी लिहिलं होतं, त्यातल्या चौघांनी एकमेकांचं बघून. सहा जणांना सभागृह थंड वाटलं. एकाने लिहिलं होतं, 'गावकऱ्यांची बाजू दाखवलेली नाही.' दुसऱ्याने, 'त्या भागातली माणसं कडकच असतात, माझी आत्या तिकडे दिली होती.' ओगिसो-साननी कागदाच्या मागच्या बाजूला दह्याच्या डब्याचं चित्र काढून बाण दाखवले होते. आणि बहुतेकांनी शेवटी कुठे ना कुठे एक वाक्य घातलं होतं: आपल्या वस्तीत असं होत नाही, याचं समाधान वाटलं.

लिगायाचा कागद अक्षरावरून ओळखला. तिचं अक्षर गल्लीत सगळ्यात सुबक आहे. तिने लिहिलं होतं, 'कप नीट विसळलेले नाहीत. बुडाशी डाग आहेत.'

मंगळवारी त्सुचिया-सेन्सेई सूट घ्यायला आले. शाळांच्या निरोपसमारंभांचे दिवस, त्यांना अजून बोलावतात. मी मनाचा हिय्या केला. सूट हँगरवर लावता लावता म्हटलं, "सेन्सेई, पुढच्या वर्षीचं गटप्रमुखपद... नंबर तसा माएदा-सानचा येतो."

"तेच बोलणार होतो," ते म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. माझ्या मनात आलं, लागला, चित्रपट लागू पडला.

"त्या चित्रपटाने माझे डोळे उघडले," ते म्हणाले. "किती ओझं टाकतो आपण या लोकांवर! आमचे नियम, आमच्या रीती, आमचा कचरा. ती बाई कशी खचून जाते, पाहिलंत ना? हे पाहिल्यावर माएदा-सानच्या डोक्यावर गटप्रमुखपद टाकायचं, म्हणजे माझ्या मनाला पटत नाही."

"पण तिला हवं आहे, सेन्सेई."

"म्हणतात त्या तसं." ते समजूतदारपणे हसले. "नम्रपणा आहे तो."

"नवरा असताना सगळं तीच करत होती."

"बघा! तेव्हाही त्यांच्यावरच पडत होतं."

मी कपाळाला हात लावणार होते, पण हातात सूट होता. सूट दिला. ते वाकून आभार मानून गेले. दारातून परत वळून म्हणाले, "असे चित्रपट वर्षातून दोनदा दाखवायला हवेत."

तरी मी हार मानली नाही. म्हटलं, काकिमोतो आजी आहेत ना. त्यांना दुकानापर्यंत चालवत नाही, त्या घरोघर पाटी कशी फिरवणार? त्यांनी फक्त एकदा 'मला झेपणार नाही' म्हणायचं. मी त्यांच्याकडे गेले, गुडघ्यांची चौकशी केली, जिन्याची केली, डॉक्टरांची केली. आमच्यात मुद्द्यावर यायला असाच वळसा घ्यावा लागतो. शेवटी म्हटलं, "आजी, यंदा पिशवी तुमच्याकडे आली, तर फार होईल ना तुम्हाला?"

"होईल गं," त्या म्हणाल्या. मला हायसं वाटलं. "पण मी करीन! परवापर्यंत मलाही वाटत होतं की नाही म्हणावं. पण तो सिनेमा पाहिला, आणि रात्रभर डोळ्यासमोरून ती बाई हलेना. माझे गुडघे काय, जायचेत ते जातील. बिचाऱ्या माएदा-सानवर पडण्यापेक्षा मी करीन. हे बघ, कपाटातला कप्पापण रिकामा करून ठेवलाय."

खरंच ठेवला होता. नवीन कागद घालून.

घरी आले, आणि रिकाम्या दुकानात मोठ्याने बोलले, "अरे, काय माणसं आहेत ही!" वाईट असती तर भांडले असते. सगळीच्या सगळी चांगली. एकतीस चांगल्या माणसांनी मिळून दोन तास रडून एका बाईला गल्लीबाहेर काढलं होतं, आणि तिचा निरोपसमारंभही फार हेलावून टाकणारा झाला असता. आणि बत्तिसावी मी. मी तर रडलेही नव्हते. मी साखरेचा डबा शोधत होते.

खरं तर पिशवी रविवारी द्यायची असते. मी शुक्रवारीच उचलली. दलाल शनिवारी येणार होता.

हल्ली लिगायाची पाळी दुपारी संपते. तिच्या दाराची घंटा वाजवली. ती आली, ओल्या केसांना टॉवेल गुंडाळलेला. तिची नजर माझ्या हातातल्या पिशवीवर गेली.

"काकिमोतोंचं घर पुढे आहे," ती म्हणाली.

"तुझ्याकडेच आणलीय."

"कोणी ठरवलं?"

"कोणी नाही. मी."

"सेन्सेईंना माहितीय?"

"नाही."

तिने हाताची घडी घातली. मला वाटलं होतं ती हसेल, कदाचित रडेल. दोन्हीची तयारी करून गेले होते, खिशात रुमालही होता.

"मला विचारलंस?" ती म्हणाली.

"अगं, तूच जानेवारीत..."

"जानेवारीत मी सांगितलं. तू विचारलंस का? वगळताना विचारायचं नाही, घेतानाही विचारायचं नाही. मी काय भिंतीवरचं कॅलेंडर आहे? मनात आलं, उतरवलं. मनात आलं, टांगलं."

मी पिशवी पुढे केली. ती दारात तशीच उभी.

"विचार," ती म्हणाली.

हसू येईल तुम्हाला, पण चौपन्न वर्षांत मी कोणाला असं तोंडावर, सरळ काही विचारलं नव्हतं. लग्नाचंही नाही. आम्ही आधी वारा कुठला आहे ते बघतो, मग तिसऱ्या माणसाच्या कानावर घालतो, मग वाट बघतो. शेवटी म्हटलं, "लिगाया, पुढच्या वर्षी गटप्रमुख होशील का?"

"आणि मागच्या दोन वेळा?"

"मागच्या दोन वेळा मंडळात असं ठरलं की..."

"मंडळाचं नाही विचारत. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत होते, सुमी. दोन्ही वेळा. माझ्या घराजवळ आलीस, तेव्हा तू पिशवी या हातातून त्या हातात घेतलीस. पलीकडच्या बाजूला. मला दिसू नये म्हणून."

हे मला आठवत नव्हतं. तिने सांगितलं आणि लगेच आठवलं. हाताला पिशवीचे बंदसुद्धा जाणवले.

"मला वाटलं, तुला वाईट वाटेल," मी म्हणाले.

त्यावर ती भडकली.

"वाईट वाटेल!" तिचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला असेल. "बारा वर्षं! बारा वर्षं तुम्ही सगळे मिळून मला वाईट वाटू नये म्हणून झटताय! त्या सिनेमातल्या बाईचं बरं होतं. तिच्या दारात येऊन माणसं ओरडत तरी होती. माणूस ओरडला की उलट ओरडता येतं. तुम्ही संत्री आणून देता! संत्र्यांवर कोणी कसं ओरडायचं, सांग ना!"

"मग माझ्यावर ओरड!" माझाही आवाज चढला.

"ओरडतेच आहे!"

"ओरड ना!"

"तू माझी मैत्रीण ना? मैत्रीण होतीस ना तू?"

मी वाकले. आम्ही दिवसातून पन्नास वेळा वाकतो, गिऱ्हाइकांना, टपालवाल्याला, फोनवरच्या माणसाला. हे तसं नव्हतं. वर यायला मला वेळ लागला, आणि तिनेही 'असू दे, असू दे' म्हटलं नाही. माझ्या मानेला कळ लागेपर्यंत तिने मला तसंच राहू दिलं.

समोरची एक खिडकी सरकली. मग काकिमोतो आजींचं दार उघडलं, आणि त्या भिंतीला धरत धरत, घरातल्याच सपाता घालून रस्त्यावर आल्या. आजवर त्या तशा बाहेर आलेल्या मी पाहिल्या नव्हत्या.

"काय झालं? कोण पडलं?" मग पिशवी दिसली. "अगंबाई, सुमिए-सान, ही इकडे कशी? माझा कप्पा तयार आहे की! परवाच तर आपण सिनेमा पाहिला. यांच्यावर कसलं ओझं घालतेस?"

सगळं माझ्याकडे बघून. लिगाया मध्ये उभी होती, आणि आजी तिच्या खांद्यावरून माझ्याशी बोलत होत्या.

लिगायाने माझ्या हातातून पिशवी घेतली.

"काकिमोतो-सान," ती म्हणाली, "इकडे, माझ्याकडे बघा. मी रोज नऊ म्हाताऱ्या माणसांना आंघोळ घालते. उचलून. ही पिशवी त्यांच्यापेक्षा हलकी आहे, आणि लाथाही मारत नाही."

आजींनी तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या तोंडून हसू फुटलं, मग त्यांनी हाताने तोंड झाकलं.

"पण तुम्हाला त्रास..."

"होईल. तुम्हाला झाला नाही का? दोनदा?"

"झाला बाई," आजी हळूच म्हणाल्या. "फार झाला. त्या पाटीच्या मागे हिंडून हिंडून तर गुडघे गेले." एवढं बोलून त्या घाबरल्यासारख्या झाल्या. इतकं खरं बोलायची सवय नव्हती. "पण अध्यक्षांना काय सांगायचं? त्यांना काय वाटेल?"

"ते मी सांगते," लिगाया म्हणाली. "आता ते माझं काम आहे."

आजींना तिने हाताला धरून घरी पोचवलं. मी दाराशीच थांबले. जावं की राहावं, कळेना. परत आली तेव्हा तिचा टॉवेल सुटून खांद्यावर आला होता.

"उद्याच्या माणसाला फोन करून नको म्हणते," ती म्हणाली. "पण तुझ्यावरचा राग गेलेला नाही."

"माहितीय."

"मेपर्यंत तरी राहील. कदाचित जूनपर्यंत."

"बरं."

तिने पिशवीतून फाईल काढली, उंबऱ्यावरच उघडली, आणि पहिल्याच पानावर तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हे अक्षर कोणाचं?"

"माझं."

"वाचता येत नाही. सगळं परत लिहावं लागणार." तिने दुसरं पान उलटलं, तिसरं उलटलं. "आणि ही यादी कोणी केली? सहाच घरं आहेत यात. आत ये. पेन आण तो, फ्रीजवर आहे."